पहाटे साडेतीनला उठणाऱ्या आजी आणि स्वयंपाकघराचं कुलूप

ओसरी | ११ जून, रात्री १०:५०

मी इथे वाचते जास्त, लिहिते कमी. आज लिहिते आहे, कारण गेले आठ दिवस आमच्या घरात एका कुलपावरून एकमत होत नाहीये.

आधी घराबद्दल सांगते. देवळी तालुक्यातल्या एका गावात आमचा जुना वाडा आहे. मी वर्ध्याला दवाखान्यात नर्स होते. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लकवा मारला तेव्हा नोकरी सोडली आणि चार वर्षं त्यांचं सगळं अंथरुणावर केलं. दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी ठेवायची, भरवताना बसतं करायचं आणि भरवून झाल्यावर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. चार वर्षांत पाठीला एक जखम झाली नाही. ते गेले आणि महिन्याभरात बाजूच्या गावचा एक मुलगा ओसरीवर येऊन बसला. म्हणाला, "वहिनी, मी पुण्याला असतो. माझ्या आईला ठेवून घ्याल का? मामाजींचं केलं तसंच करा, बाकी काही मागत नाही." तिथून सुरुवात झाली. आज चौदा जण आहेत, नऊ आज्या आणि पाच आजोबा. आमच्या बाजूने मी, हे, मोठे दीर, मोठ्या जाऊबाई, सासूबाई, गावातल्या पाच बाया आणि एक गडी.

पाटी काय लावावी हा प्रश्न होता. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की लोकांना डॉक्टरचा छोटा दवाखाना वाटतो, आणि कायद्यातही ते तसंच आहे. त्यांची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली होते, आमचं काम त्यात बसत नाही. वृद्धाश्रम लिहायला सासूबाईंनी साफ नकार दिला. "माह्या घरात टाकून देलेलं माणूस एकबी नाई," म्हणाल्या. म्हणून आडनाव आणि पुढे 'वाडा', एवढंच लिहिलं.

आमची रीत एकच आहे. आलेल्या माणसाला आमच्या वेळापत्रकात बसवायचं नाही. नवीन कोणी आलं की पहिल्या दिवशी फाइल बाजूला ठेवून मी घरच्यांसोबत दोन तास बसते. चहा बशीत की कपात? अंघोळ पहाटे की उन्हं आल्यावर? कोणत्या कुशीवर झोप लागते? घरात हाक काय मारतात, काकाजी, गुरुजी, बाई, की नुसतं नाव? रुसल्यावर कोण समजूत काढायचं आणि कशी? हे सगळं एका वहीत उतरतं. आम्ही तिला सवयींची वही म्हणतो. कामाला नवीन बाई आली की तिला आधी ती वही वाचून दाखवतो, गोळ्यांचा डबा नंतर. एक गुरुजी आहेत, पेपर पूर्ण वाचल्याशिवाय ते तोंडात घास घेत नाहीत. पेपर गावात येतो नऊला. तर त्यांचा नाश्ता साडेनऊला आणि जेवणानंतरची गोळी त्याप्रमाणे. डॉक्टरांना विचारूनच वेळ बदलली. इतरांचा नाश्ता आठला होतो, म्हणून गुरुजींचा आठला व्हावा असं आम्हाला कधी वाटलं नाही.

आता मुद्दा. एक आजी आहेत, वय ८१. धारणीकडच्या एका आश्रमशाळेत त्यांनी तीस वर्षं स्वयंपाक केला. विसरण्याचा आजार आहे, मुलगी ओळखू येते तर कधी येत नाही. पण पहाटे साडेतीनला डोळा उघडतो तो उघडतोच. "पोट्टे उठतीन, अजून काईच झालं नाई," म्हणत चूल शोधत निघतात. आम्ही परातीत पीठ देतो, त्या भाकरीचं पीठ मळतात, थापतात आणि सहाला शांत होऊन झोपतात.

मागच्या बुधवारी रात्रपाळीच्या बाईंचा डोळा लागला. आजी एकट्याच स्वयंपाकघरात गेल्या. शेगडीची कळ फिरवली आणि काडेपेटी शोधत बसल्या. काडेपेटी वर ठेवलेली असते म्हणून सापडली नाही. गॅस मात्र सुरू राहिला. वासाने सासूबाई जाग्या झाल्या. काही झालं नाही. पण काय झालं असतं ते मी रोज रात्री डोळ्यांपुढे बघते आहे.

आजींची मुलगी नागपूरहून फोनवर म्हणते, रात्री आईच्या खोलीला बाहेरून कडी लावा. मोठे दीर तेच म्हणतात. रात्रपाळीच्या बाई म्हणतात, कडी लावणार नसाल तर मी काम सोडते. माझं मन तयार होत नाही. पण घरात आणखी तेरा जण झोपलेले असतात, हेही खरं आहे. तुम्ही काय कराल?

सिस्टरताई | ११ जून, रात्री ११:३०

यवतमाळहून लिहिते, नोकरीची छत्तीस वर्षं वॉर्डात गेली. आधी गॅसचं, मनाचं नंतर.

हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली फरशीवर पसरतो. खिडक्या उघडल्या तरी उंबऱ्याशी साचून राहतो, म्हणून दारं सताड उघडायची. लाइटचं बटन, पंखा, कूलर, कशालाही हात लावायचा नाही, बंद असलेलं चालू नाही आणि चालू असलेलं बंद नाही. त्या रात्री कोणी दिवा लावला का? लावला असेल तर पुढच्या वेळेसाठी सगळ्यांना आताच शिकवून ठेव.

उद्याच्या उद्या सिलेंडर स्वयंपाकघराबाहेर काढ. मागच्या भिंतीला जाळीची पेटी करून घे, नळी आत आण, रात्री रेग्युलेटर बंद आणि पेटीला कुलूप. गॅसचा वास पकडणारं यंत्र लावशील तर ते वर छताशी नको, खाली शेगडीच्या पातळीखाली लाव. कुलूप लावायचंच आहे ना, तर ते सिलेंडरला लाव.

ओसरी | १२ जून, सकाळी ७:१५

ताई, दिवा लावला नाही. सासूबाईंनीच ओरडून सांगितलं, "बटनाले हात लावू नका." हे आज दुपारीच देवळीहून माणूस आणताहेत पेटीसाठी. इतकं साधं मला सुचलं नाही, कारण आठ दिवस आम्ही सगळे आजींच्या दाराकडेच बघत होतो.

कढीपत्ता | १२ जून, सकाळी ९:०५

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. गॅस बंद केलात, ठीक. उद्या त्या मागच्या दाराने विहिरीकडे गेल्या तर? परवा कोणाच्या ऑक्सिजनच्या नळीत पाय अडकला तर? चौदा माणसांची जबाबदारी घेतली की एकाच्या मोकळेपणाला कुठेतरी कुंपण लागतंच. मी बारा वर्षं मुलींचं वसतिगृह सांभाळलं. रात्री दार बंद म्हणजे बंद. त्यात क्रूरपणा नव्हता, त्या मुलींच्या आईबापांना दिलेला शब्द होता.

गावडॉक्टर | १२ जून, दुपारी २:४०

अमरावती जिल्ह्यात ग्रामीण भागात प्रॅक्टिस करतो. दोन-तीन गोष्टी.

एक. आजी साडेतीनला उठतात हे जुनंच आहे की अलीकडे वाढलं आहे? गोंधळ दोन-चार दिवसांत अचानक वाढला असेल तर तो मूळ आजार म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा जंतुसंसर्ग, पोट साफ नसणं, अंगात पाणी कमी पडणं, कुठेतरी दुखणं, ही कारणं म्हातारपणी ताप न येताही डोकं भरकटवतात. आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घ्या, नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) संपला तरी रात्री घरं तापलेलीच असतात. या वयात तहान लागल्याचं कळत नाही. मागतील तेव्हा पाणी, असं ठेवू नका, दर तासाला दोन घोट द्या. ताक, पन्हं, ज्वारीची आंबील, जे आवडेल ते. थायरॉइड आणि बी १२ तपासलं नसेल तर तपासून घ्या.

दोन. कोणी झोपेची गोळी सुचवेल. माझ्याकडे नातेवाईक हमखास मागतात. गोळीने माणूस झोपतोच असं नाही. अर्धवट गुंगीत उठतो आणि पडतो. भ्रम शांत करणारी जी औषधं असतात, त्यांनी विसरण्याच्या आजारातल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. अगदी गरज पडली तर, थोड्या दिवसांसाठी, आणि लक्ष ठेवून. मालक-मालकिणीची झोप व्हावी म्हणून कधीच नाही.

तीन, आणि हे महत्त्वाचं. आजींच्या डोक्यातून नावं, तारखा, चेहरे पुसले जात आहेत. पण हाताची आठवण वेगळ्या जागी असते, ती उशिरापर्यंत टिकते. भाकरी थापणं ही त्यांची आज सगळ्यात शाबूत राहिलेली गोष्ट असेल. बाहेरून कडी लावलीत तर तेवढा एकच तास हिरावला जाईल, ज्यात त्यांना आपण कोण आहोत हे माहीत असतं.

बंद खोलीचा वैद्यकीय तोटाही सांगतो. लघवीला उठलेलं माणूस दार उघडत नाही म्हणून घाबरतं, खिडकीशी जातं, ओल्या फरशीवर घसरतं. पलंगाचे कठडेही तसेच, ते ओलांडताना उलट जास्त उंचीवरून पडतात. खुब्याचं हाड मोडलेली अशी माणसं मी पाहिली आहेत.

निंबोणी | १२ जून, रात्री ९:२०

मी पुण्यात असते. माझी आई अकोटजवळच्या गावी एकटी होती, नंतर एका ठिकाणी ठेवली. आजींच्या मुलीच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं म्हणून लिहिते.

ती 'कडी लावा' म्हणते तेव्हा तुम्हाला ती कठोर वाटत असेल. तिच्या उशाशी फोन असतो. रात्री अडीचला वाजलेला फोन काय असतो ते मला विचारा. माझी आई बाथरूमला जाताना पडली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि दोन महिन्यांत न्यूमोनियाने गेली. त्यानंतर मी कित्येक रात्री एकच विचार केला, कोणी दाराला कडी लावली असती तर? डॉक्टर म्हणतात तसं कडीनेही पडली असती कदाचित. पण दूर राहणाऱ्या लेकीला कडी म्हणजे निदान काहीतरी केलं असं वाटतं. आम्हाला दुसरं काही करताच येत नाही हो. पैसे पाठवतो आणि सूचना देतो.

तिला फोनवर नियम सांगू नका. एकदा बोलवा आणि पहाटे साडेतीनला तिला तिच्या आईजवळ बसवा.

पळसफूल | १२ जून, रात्री १०:१०

माझ्या वडिलांना बांधून ठेवलं होतं. ठिकाणाचं नाव घेत नाही. जुन्या लुगड्याच्या मऊ पट्ट्या होत्या, मनगटाला वळ पडू नये म्हणून. त्या बाईंनी मला समजावून सांगितलं, तुमच्याच बाबांच्या भल्यासाठी. मी मान डोलावली. मी शिकलेली बाई, मी मान डोलावली आणि घरी आले.

बाबा तलाठी होते. रोज संध्याकाळी चावडीवर जायला निघायचे, एवढाच त्यांचा त्रास होता. चार महिन्यांनी पट्टी सोडली तरी ते निघाले नाहीत. तिथले लोक म्हणाले, आता बरे आहेत, शांत झाले.

ओसरीताई, कडी लावू नका. आणखी काही मला लिहिता येत नाही.

कापूसवेचा | १३ जून, सकाळी ६:३०

समदं वाचलं. पयस्फूलताईचं वाचून डोये भरले. मले एक इचाराचं होतं, वाईट वाटून घेऊ नोका. तुमच्या वाड्यात माह्यासारख्या माणसाची माय राहू शकते काय? कोरडवाहू चार एकर हाये. सोयाबीन गेल्या साली पाण्यानं गेलं. मायले सरकारच्या श्रावणबाळ योजनेचे १५०० रुपये महिन्याले येतात. आमी दोघं नवराबायको दिवसभर वावरात, माय घरात एकटी, तिले दिसत नाई. सेवा कराची इच्छा हाये, पण दिवस पुरत नाई.

ओसरी | १३ जून, दुपारी ३:००

भाऊ, वाईट कशाला वाटेल, हाच खरा प्रश्न आहे. आमच्याकडे एका माणसामागे जो खर्च येतो, तो १५०० रुपयांत कुठेच बसत नाही. सगळ्यात मोठा वाटा बायांच्या पगाराचा आहे आणि तिथे मी हात आखडणार नाही. चौदांपैकी आठ घरं पूर्ण पैसे देतात, चार घरं जमेल तेवढे आणि सोबत धान्य, दोघींचं कोणीच नाही. शेतातली तूर, ज्वारी, भाजी घरची आहे म्हणून चालतं. यापेक्षा जास्त माणसं घेतली तर पैसे येतील, पण मग वही पाठ राहणार नाही, म्हणून आम्ही चौदावर थांबलो.

तुमची आई सत्तरीच्या वर असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. २०२४ पासून सत्तरच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यावर मिळतात. मोतीबिंदू असेल तर आधी डोळे दाखवा, दिसायला लागलं तर अर्धा प्रश्न सुटतो. पण त्या कार्डावर दवाखान्यात भरती झाल्यावरचे उपचार होतात, सांभाळण्याचा खर्च त्यात नाही. तो कुठल्याच योजनेत नीटसा नाही आणि याचा मला राग आहे. दिवसा आई एकटी असते तेवढे तास आमच्याकडे आणून सोडता येईल का, किती लांब आहात, ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा.

अडाण | १३ जून, सायंकाळी ६:४५

वकिली करतो, म्हणून कायद्यापुरतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ९७ आहे. मानसिक आजाराच्या व्यक्तीला एकांतात कोंडणं त्यात सरळ मना आहे. बांधून ठेवणंसुद्धा तात्काळ धोका असेल तेव्हाच, दुसरा उपाय नसेल तेव्हाच, आणि तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने व नोंद ठेवून. हा कायदा मानसिक आरोग्याच्या संस्थांसाठी आहे, तुमचा वाडा त्यात मोडतो की नाही हा वेगळा विषय. पण जिथे तज्ज्ञ डॉक्टर आहेत तिथेही कोंडायला मनाई असेल, तर घरगुती ठिकाणी ते योग्य कसं ठरेल?

कापूसवेचा भाऊंसाठी नाही, पण इतरांसाठी: २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात टप्प्याटप्प्याने निदान एक वृद्धाश्रम, किमान १५० निराधारांची सोय असलेला, सरकारने उभारावा असं लिहिलं आहे. मुलं सांभाळत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर शेत नावावर करून दिलं आणि सांभाळलं नाही, तर कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. अट कागदात लिहून घ्या, तोंडी ठेवू नका. मदतीचा फोन १४५६७.

सिस्टरताई | १३ जून, रात्री १०:००

परवा गॅसवर लिहिलं, आज दुसरं लिहिते. ओसरी, तुझी वही मला फार आवडली. पण वाचताना एक गोष्ट खटकत होती ती आता सांगते.

साडेतीनला आजींसोबत कोण उठतं? तू लिहिलंस, "आम्ही परातीत पीठ देतो." आम्ही म्हणजे कोण? रात्रपाळीच्या बाईंचा डोळा लागला म्हणतेस. त्या दिवसा कुणाच्या वावरात निंदायला जातात का? बारा तासांची रात्रपाळी त्या एकट्याच करतात का? आजींना कोंडायचं नाही हे तुझं तत्त्व आहे आणि ते बरोबर आहे. पण त्या तत्त्वासाठी झोप कोणाची मोडते, हेही वहीत लिहिलेलं पाहिजे. वॉर्डात मी हेच पाहिलं. मोठ्या मनाचे निर्णय दिवसा खुर्चीत बसून होतात आणि रात्री तीनला ते सगळ्यात कमी पगाराच्या बाईच्या अंगावर येतात. मग तीच बाई एके दिवशी कडी लावते, आणि आपण तिला निर्दय म्हणतो.

ओसरी | १४ जून, पहाटे ४:५०

ताई, तुमचं वाचून रात्रभर झोप लागली नाही. खरं आहे. त्या बाई दिवसा निंदायला जातात. मला माहीत होतं आणि मी तिकडे पाहिलं नाही. त्या काम सोडते म्हणाल्या तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

आणि 'आम्ही' म्हणजे मोठ्या जाऊबाई. गेले सात महिने त्या साडेतीनला उठताहेत. त्या रात्री त्यांना ताप होता, म्हणून त्या उठल्या नव्हत्या. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंसुद्धा नाही.

आत्ता त्यांच्याजवळच बसले आहे. आजी थापताहेत. मी विचारलं, "ताई, तुम्हाला त्रास होतो का?" त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "होते ना. काहून नाई होनार? पन मायी माय अशीच अंधारात उठून चुलीपाशी बसे. मी लहान होतो, निजून राहो. एक दिवस तिच्याजवय जाऊन बसलो नाई." नंतर म्हणाल्या, "पन रोज नको आता. गुडघे दुखतात."

वर्धेकर | १४ जून, सकाळी १०:३०

तुम्ही देवळीच्या म्हणजे सेवाग्राम तुम्हाला जवळच. बापू कुटीजवळ परचुरे कुटी आहे, परत एकदा बघून या. परचुरे शास्त्री संस्कृतचे मोठे पंडित, कुष्ठरोग झालेला. त्या काळात लोक सावलीलाही उभे राहत नसत. गांधीजींनी आपल्या कुटीजवळ त्यांना झोपडी बांधून दिली आणि रोज स्वतःच्या हाताने त्यांच्या जखमा साफ करून मालिश केलं. देशाचं एवढं काम डोक्यावर असताना ते काम त्यांनी दुसऱ्यावर सोडलं नाही. सिस्टरताईंच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यात दिसतं.

परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांचं काम मी पाहिलं आहे. टाकून दिलेली अपंग, मतिमंद मुलं त्यांनी आपल्या नावाने वाढवली. अठरा वर्षं झाली की मुलं संस्थेतून बाहेर, असा कायदा. ही मुलं जाणार कुठे, म्हणून ते वर्षानुवर्षं भांडत आले. २०२४ साली पद्मश्री मिळाली. तिथे अंगण, झाडं, आणि त्या झाडांची निगा राखणारी तीच मुलं बघितली की घर कशाला म्हणायचं ते कळतं. तुमच्या आजी भाकरी थापतात, ती चौदा जणांना वाढता का तुम्ही? वाढत नसाल तर वाढा.

ओसरी | १४ जून, दुपारी १:२०

नाही वाढत. नुसतं पीठ मळवून घेत होतो आणि ते गाईला घालत होतो. आजपासून वाढू.

कढीपत्ता | १४ जून, रात्री ८:००

माझं मत तेच आहे, चौदांच्या घरात रात्री मागचं दार बंदच हवं. फक्त खोलीचं नव्हे, घराचं. एवढं तरी मान्य कराल?

ओसरी | १४ जून, रात्री ९:३०

हो, ते मान्य. मागच्या दाराला आतून उंचावर खिटी बसवली आणि दार उघडलं की वाजेल अशी बैलाची घाटी बांधली. विहिरीवर जाळी आधीपासून आहे. तुमच्यामुळेच विहिरीची जाळी परत तपासली, एका बाजूचा खिळा निघाला होता. मनापासून आभार.

ओसरी | ३ ऑक्टोबर, रात्री १०:१५

बऱ्याच जणांनी निरोपातून विचारलं, म्हणून धागा वर काढते.

खोलीला कडी लावली नाही. सिलेंडर बाहेर गेला. रात्रपाळी दोन बायांमध्ये वाटली, सहा-सहा तास. पगार कमी केला नाही. त्यासाठी दोन घरांचे पैसे वाढवून मागावे लागले, एकाने दिले, एकाने नाही. तंगी आहे. जुन्या बाई टिकल्या. साडेतीनची पाळी आता लावली आहे: जाऊबाई दोन दिवस, मी तीन, हे एक, आणि रविवारी मोठे दीर. दीर पहिल्या रविवारी कुरकुर करत उठले. आता आजी त्यांना शाळेचे शिपाई समजतात आणि पाणी आणायला पाठवतात. ते जातात.

डॉक्टरसाहेब, लघवीत जंतू निघाले होते. औषधाने दिवसाचा गोंधळ बराच कमी झाला. पहाटेचं उठणं तसंच राहिलं.

माझ्या पाळीत मला एक गोष्ट कळली, जी सात महिन्यांत वहीत आली नव्हती. जाऊबाईंना माहीत होती, त्यांना वाटलं मलाही माहीत असेल. आजी भाकऱ्या मोजतात आणि शेवटची एक फडक्यात गुंडाळून वेगळी ठेवतात. मी विचारलं ही कोणाची. म्हणाल्या, "उशिरा येते त्याची." कोण येते? "लांबून पायी येते. त्याले शियं देऊ नोका, माह्याजवळ धाडा." बस, त्यापुढे काही नाही. तीस वर्षांत असं एखादं लेकरू होतं की पुष्कळ होती, कोण जाणे. वहीत लिहून ठेवलं: एक भाकर फडक्यात, कोणी उचलायची नाही.

मुलगी दोनदा येऊन राहिली. निंबोणीताई, तुमचंच ऐकलं. पहिल्या पहाटे ती दारातच उभी राहिली. आजींनी तिला ओळखलं नाही, "उभी काहून, पीठ चाळ," म्हणाल्या. तिने चाळलं. कडीचा विषय त्यानंतर तिने काढला नाही. मी पण काढला नाही.

आणि हो, भाकरी सगळ्यांना वाढतो. गुरुजी पेपर वाचून झाला की विचारतात, "आज बाईंच्या हातची आहे ना?" हात थरथरतो म्हणून काही भाकऱ्या जाड होतात, त्या आम्ही घरचे खातो.

आता पुन्हा एक अडचण. थंडी तोंडावर आहे. आजी थंड शहाबादी फरशीवरच बसतात. पाट दिला की सरकवून देतात, गादी दिली तर "पीठ सांडते" म्हणून उचलून ठेवतात, खुर्चीला हातही लावत नाहीत. दोन महिने पहाटे चारला असं बसल्या तर छातीत कफ होईल. कोणाला काही सुचतं का?

सिस्टरताई | ४ ऑक्टोबर, सकाळी ८:००

आश्रमशाळेत त्या कशावर बसायच्या, मुलीला विचार. गोणपाट असणार. गोणपाटाच्या आत जुनी घोंगडी शिवून टाक, वरून पोतंच दिसलं पाहिजे. पायात मोजे नकोत, घसरतील. पायांवर शाल, डोक्याला पदरावरून रुमाल. आणि फरशीवर सांडलेलं पीठ तिथल्या तिथे पुसायचं, त्यावरून पाय सरकतो.

कापूसवेचा | ४ ऑक्टोबर, रात्री ९:१०

ओसरीताई, माह्या मायच्या डोयाचं आपरेशन झालं, एका डोयानं दिसते आता. घरीच हाये, चुलीजवय बसते. आमच्या इथं बाबाची जुनी घोंगडी पेटीत ठेवून हाये, चांगली जाड, मेंढीच्या लोकरीची. पोतंबी हाये. मंगयवारी देवळीले सोयाबीन घेऊन येऊन राह्यलो, वाड्यावर देऊन जातो. माय म्हणते ते थंडी पडाच्या आंधी शिवून घ्या.